काजळीच्या भिंतीवर

तुळजापूर,
२७ ऑगस्ट १९५८

वहिनी,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून बिरदेव लिहितो की, मी इथं खुशाल आहे. ग्रामसेवकांच्या शिक्षणवर्गात झोपायला जागा कमी आणि व्याख्यानं फार. पहाटे डोंगरावरून धुकं उतरतं आणि खिडकीतून आत येतं. अर्धवट झोपेत मला वाटतं, वहिनींनी चूल पेटवली, आता भाकरीचा वास येईल. मी पांघरूण सारून वाट बघत पडतो. मग घंटा वाजते आणि धुकं, डोंगर, भाकरी सगळंच जातं.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं. पंचमीला घरी आलो होतो तेव्हा तुम्ही झोक्यावर बसला नाहीत. गल्लीतल्या बायका हाका मारून दमल्या. तुम्ही आतून ओरडलात, "पुरण व्हायचं हाय अजून." पुरण कधीच झालं होतं; मी चोरून खाल्लं होतं, म्हणून मला ठाऊक. भाकरी थापता थापता तुमचा हात मध्येच थांबत होता. खोकला आला की तुम्ही पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकत होतात. दादा दिवसभर रानात असतात, त्यांना हे दिसत नाही. मला दिसलं. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि तुम्ही नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. मला आईचा चेहरा आठवत नाही, तुमचाच आठवतो. म्हणून फार भीती वाटते.

परवा इथं एक डॉक्टरीणबाई बोलून गेल्या. म्हणाल्या, बंद स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं धूर घेणाऱ्या बाईची छाती आतून काजळते आणि पुढं पुढं तिला दम पुरत नाही. सगळा वर्ग वहीत लिहून घेत होता. माझ्याच्यानं एक अक्षर लिहवलं नाही.

आम्हाला बिनधुराची चूल घालायला शिकवलीय. माती, भुसा आणि शेण एवढंच लागतं. लाकूड एका तोंडातून घालायचं, आच तीन भांड्यांखालून फिरते आणि धूर मागच्या खापरी नळातून छताबाहेर जातो. दिवाळीला येतो आणि तुमची चूल बदलतो. हो म्हणा.

तुमचा,
बिरदेव


बोरवाडी, टपाल लोहारा,
९ सप्टेंबर १९५८

बिरदेवा, शंभर वर्षांचा हो, आणि थोडा कमी शहाणा हो.

पंचमीला मिरच्या भाजल्या होत्या. त्या ठसक्यानं तूही खोकत होतास, ते सोयीनं विसरलास. आणि छत्तीस वर्षांची बाई झोक्यावर बसली असती तर लिंबाच्या फांदीनंच हात जोडले असते. पुरण तू खाल्लंस हे मात्र बरं कळलं. मी मांजरीला उगीच झोडपलं.

चूल बदलायची नाही. कारण सांगते, हसू नकोस.

दुपारी भाकरी झाल्या की छतातल्या सवण्याच्या भोकातून उन्हाचा एक खांब खाली येतो. धूर त्याच्याभोवती हळूहळू फिरतो. मी चुलीला पाठ लावून बघत बसते. कधी त्यात माझ्या माहेरच्या तळ्याची पाळ दिसते, कधी पाण्यात उतरलेली म्हैस. एकदा तू दिसलास, उघडा, हातात गूळ. मी हाक मारली तर तुझे दादा बाहेरून म्हणाले, कुणाला बोलावतेस? त्या घटकेला मला काही दुखत नाही, कसली आठवण बोचत नाही. नळ लावून तू तो धूर बाहेर काढणार, मग मी बघू काय?

दुसरं कारण भिंत. तू दुसरीत होतास. शाळेत निजामाचं अलिफ-बे आणि घरी आलास की चुलीमागच्या काळ्या भिंतीवर तुराटीच्या टोकानं मला ग म भ शिकवायचास. चुकलं की कान धरायला लावायचास, लबाडा. काजळी खरवडली की खालून पांढरी माती निघते आणि अक्षर उठून दिसतं. पंधरा-वीस दिवसांत धूर पुन्हा त्यावर बसतो. मी अजून तिथं लिहिते, बिरदेवा. कुणाला सांगता येत नाही ते लिहिते आणि धूर ते झाकतो. बारशाआधीच गेलेल्या माझ्या मुलीला जे नाव ठेवायचं होतं, तेही तिथंच कुठंतरी खोल थराखाली आहे. धूर पुसत नाही, नुसता झाकतो. म्हणून मला तो लागतो.

आणखी एक गंमत सांगते. आपली विहीर हल्ली चालायला लागली आहे. दर सणाला घरापासून थोडी आणखी लांब जाते. हे तुझ्या वर्गात सांग, सरकारला कळू दे.

तुझी वहिनी,
कस्तुराबाई


तुळजापूर,
१ ऑक्टोबर १९५८

वहिनी,

विहिरीचं वाचून मी इतका हसलो की सगळे जमा झाले. मग वर्गात खरंच मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे मास्तर म्हणाले, ज्या घरात अशी बाई आहे त्या घरातल्या मुलानं ग्रामसेवक व्हायची काय गरज? मला फार अभिमान वाटला.

त्या भिंतीवर तुम्ही अजून लिहिता हे मला माहीत नव्हतं. मी शहाणपणा शिकवायला निघालो होतो, आणि मला माझं घरच माहीत नाही.

पण आता माझी अडचण ऐका. परीक्षेत पास व्हायचं तर प्रत्येकानं आपल्या स्वतःच्या घरी एक चूल घालून दाखवायची असते. तसा कागद गावच्या मास्तरांच्या सहीनं आणावा लागतो. नाही आणला तर मी नापास. दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात जाईल आणि दादांपुढं उभं राहायला मला तोंड राहणार नाही. तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी घालू द्या.

तुमचा,
बिरदेव


बोरवाडी,
१४ ऑक्टोबर १९५८

बिरदेवा,

असं होतं तर आधीच सांगायचंस. तुला नापास करून मी धूर बघत बसू होय?

कुंभाराला नळ सांगून ठेवला आहे. वारुळाची माती तुझे दादा आणून टाकतील. एकच अट. चूल कशीही घाल, छताला हवं तेवढं भोक पाड, पण भिंतीला हात लावायचा नाही. चुना फासायचा नाही, सारवायची नाही, नवी दिसावी म्हणून पोतेरं फिरवायचं नाही.

ये लवकर. तुझ्यासाठी करंज्या करीन. चोरायची गरज पडणार नाही.

वहिनी


बोरवाडी,
२ डिसेंबर १९५८

बिरदेवा, सुखी राहा.

दिवाळी होऊन तू गेलास त्याला पंधरा-वीस दिवस झाले. चूल नीट चालते. पहिले चार दिवस मी तिच्याशी बोललेच नाही, मग भाकरी चांगली फुगली तेव्हा नाइलाजानं बोलले. नळातून धूर निघताना बघायला लहानथोर येतात. शेजारची इरम्मा म्हणाली, "कस्तुरा, तुज्या घराला शेंडी फुटली की गं!" तेव्हापासून गावात आपलं घर शेंडीचं झालं आहे.

स्वयंपाकघरात आता सगळं दिसतं. इतकी वर्षं मी या जागेत राहिले आणि हळद इतकी पिवळी असते हे मला ठाऊक नव्हतं. इरम्माच्या हनुवटीवर गोंदण आहे. ती वीस वर्षं माझ्यापुढं बसत आली, मला आता दिसलं. बायका दुपारच्या येऊन बसतात, डोळे चोळत नाहीत, उठून जात नाहीत. खोकलाही कमी आहे. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही, खरंच कमी आहे.

पण उन्हाचा खांब रिकामाच खाली येतो. मी त्याच्याकडं बघते, त्यात कुणी येत नाही. काल डोळा लागला तेव्हा स्वप्नात धूर आला होता. पाहुण्यासारखा उंबऱ्यावर उभा राहिला. मी ये म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही.

आणि भिंत झाकत नाही रे. लिहिलेलं होतं तसं समोर राहतं. तू येण्याआधी दिवाळीच्या सकाळी मी काही लिहिलं होतं, ते तसंच आहे. म्हणशील, सारवून टाका. हातानं पुसलं तर ते गेलंच, बिरदेवा. मला ते जमत नाही. सध्या त्यापुढं सूप उभं करून ठेवते.

तुझा निकाल कळव.

वहिनी


पोस्टकार्ड,
लोहाऱ्याचा शिक्का, १४ एप्रिल १९५९

११० – १०२ – ९६ – ८८ – ७३ – ६० – ५४ – ४० – ३३ – २६ – २१ – २१ – २१

लिंबाजी


तुळजापूर,
१८ एप्रिल १९५९

वहिनी,

दादांचं कार्ड आलं. पत्ता गावच्या चन्नबसप्पा मास्तरांच्या हातचा, आतले आकडे दादांचे. दादांना आपल्या सहीपलीकडं अक्षर येत नाही, पण आकडे येतात. बाजारात आणि एस.टी.च्या पाटीवर वाचून वाचून आलेले. त्यांनी हे नीट ओळीनं, दाबून लिहिले आहेत. एकही शब्द नाही.

दोन दिवस मी ते कार्ड खिशात घेऊन फिरतो आहे. आधी वाटलं दुधाचं माप असेल, मग वाटलं पेंढ्या असतील. दादांनी आयुष्यात मला पहिलं पत्र पाठवलं, ते पेंढ्यांसाठी नसणार. आकडे उतरत जातात आणि एकवीसवर थांबतात. कालपासून सारखी तुमची ती चालणारी विहीर डोळ्यांपुढं येते. वहिनी, मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. सगळे हसले होते.

मला खरं सांगा. आधी मी सांगतो. परीक्षेसाठी घरी चूल घालावी लागते असा काही नियम नव्हता. कागदही लागत नव्हता. तुम्ही स्वतःसाठी कधी हो म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं म्हणून मी खोटं बोललो. मला हवं तर कान धरायला लावा.

बिरदेव


बोरवाडी,
२५ एप्रिल १९५९

बिरदेवा,

तुझं खोटं मला तेव्हाच कळलं होतं. मास्तरांच्या सहीचा कागद न्यायला तू विसरलास आणि तरी पास होऊन तिथंच नोकरीला लागलास. तू मला फसवलंस, मी फसले, दोघांचंही काम झालं.

आता माझं ऐक.

विहिरीपासून आपलं दार दीडशे पावलांवर आहे. लग्न होऊन आले तेव्हा डोईवर दोन घागरी आणि कडेवर तू, अशी मी एका दमात येत असे. तीन वर्षांपूर्वी पाडव्याला पहिल्यांदा मला वाटेत घागर खाली ठेवावी लागली. एकशे दहाव्या पावलावर. ते मी भिंतीवर लिहिलं. मग दर सणाला मोजायला लागले आणि मागचे आकडे पुन्हा कोरून त्याखाली नवा लिहायला लागले. धूर झाकायचा. वाटायचं, झाकलं म्हणजे झालं. तू आलास त्या दिवाळीच्या सकाळी एकवीस लिहिले होते. त्यावर धूर बसलाच नाही.

तुझ्या दादांनी सुपामागं ते पाहिलं. मला विचारलं, मी म्हटलं, गवऱ्या मोजते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरून येत होते. ते मागून येत आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मी घागर खाली ठेवली आणि मागून आवाज आला, "एकवीस."

मी वळले. "काय एकवीस?"

"भिताडावर लिवलंय ते. म्या मोजत आलो."

"त्या गवऱ्या हायत. सांगितलं न्हवं तुमाला?"

"गवऱ्या अशा कमी कमी होत न्हाईत, कस्तुरा. उन्हाळ्यात गवऱ्या वाढत्यात."

लग्नाला वीस वर्षं झाली. नावानं त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा हाक मारली. मग घागर उचलली, आपल्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले. पारावर चार माणसं बसली होती. एकजण म्हणाला, "लिंबाजी, लुगडं कुठं हाय रं?" हे म्हणाले, "धुवून वाळत घातलंय," आणि पुढं गेले. तेव्हापासून पाणी तेच आणतात. लोक हसतात, ते ऐकून घेतात. मी दारात उभी राहून बघते आणि मला रडू येतं. आता धुराचं नावही सांगता येत नाही.

मला भीती वाटते, बिरदेवा. चूल झाल्यापासून आकडा खाली गेला नाही, पण वरही आला नाही. घरातला धूर नळातून गेला. माझ्या आत जो बसला आहे त्याला नळ कुठं लावायचा, ते तुझ्या वर्गात शिकवलं का?

वहिनी


तुळजापूर,
२९ एप्रिल १९५९

वहिनी,

नाही शिकवलं. मी पत्र घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेलो होतो. त्या म्हणाल्या, आधी छाती तपासून घ्या. सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांना त्यांनी चिठ्ठी दिली आहे, सोबत ठेवली आहे. दादांबरोबर पहिल्या एस.टी.नं जा. दुखत नाही, काम पडलंय, पुरण व्हायचं आहे, यातलं काही मला सांगू नका. तुम्हाला काही झालं तर मी कुणाचा राहीन?

बिरदेव


बोरवाडी,
१७ मे १९५९

बिरदेवा, माझ्या लेकरा,

सोलापूरला जाऊन आलो. एस.टी.त खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, वर नुसतं ऊन. मला वाटत होतं गाडी थांबलेली आहे आणि रानंच मागं मागं निघाली आहेत. तुझे दादा सारखे विचारत होते, "दम लागला का?" दहाव्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तुमाला न्हाय म्हणून म्हणून लागला."

डॉक्टर म्हातारे होते. छातीला नळी लावून किती तरी वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, "बिडी किती ओढता?" मी म्हटलं, आमच्यात बाया बिडी ओढत नाहीत. त्यांनी चूल कशी आहे, घराला खिडक्या किती, सगळं विचारून घेतलं. म्हणाले, जे गेलं ते परत यायचं नाही. आहे ते सांभाळायचं. धूर पुन्हा घेतला नाही तर पुष्कळ वर्षं सांभाळलं जाईल. औषध दिलं आहे. मी रडले नाही. एस.टी.च्या फलाटावर तुझे दादा उसाचा रस आणायला गेले आणि पाठ करून बराच वेळ उभे राहिले, तेव्हा कळलं की ते रडताहेत.

घरी आल्यावर मी सूप काढून टाकलं. ज्याच्यापासून झाकायचं त्यालाच कळलं होतं, आता कशाला?

दुपारी बायका आल्या. इरम्मानं भिंतीकडं बघून विचारलं, "ह्ये काय गं?" मी सांगून टाकलं. आकडे वाचून दाखवले. मला वाटलं, आता गावभर होणार.

दुसऱ्या दिवशी इरम्मा दारातूनच म्हणाली, "माजे अडतीस." मला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, "सकाळी मोजलं. म्या आपली तिथं चुंबळ नीट करायला थांबते. इतकी वर्सं चुंबळच नीट करतीय." मग एकेक जण मोजून यायला लागली. कुणी काटा काढायला थांबत होती, कुणी पदर सावरायला. कमलबाईचे पंधरा निघाले, बिरदेवा. माझ्याहून कमी. ती लिंबाखाली उभी राहून सगळ्यांना हाका मारते, खुशाली विचारते, म्हणून आम्ही तिला चांभारचौकशा करणारी म्हणायचो. विहिरीच्या वाटेवर आम्ही बायका एवढ्या गप्पा का मारतो, ते मला छत्तीस वर्षांची होऊन गेल्यावर कळलं. मला वाटलं होतं, हे माझं एकटीचं आहे.

सगळ्यांचे आकडे आता आपल्या भिंतीवर आहेत. माझ्या मुलीचं नाव ज्या थराखाली आहे, त्यावरच लिहिले. तिला सोबत झाली.

सगळ्यांना चूल हवी आहे. पण नळ करायला कुंभार एकटा आणि घालायला तू एकटा, तेव्हा पहिली कुणाची यावर बोलणं निघालं. मी म्हटलं, कमलबाईची, तिचा आकडा सगळ्यांत कमी. इरम्माची नवी सून शांतम्मा कोपऱ्यात बसली होती. मागच्याच महिन्यात लग्न होऊन आली आहे, सोळा-सतरा वर्षांची. कुणीतरी तिला सहज विचारलं, "तुजा किती गं?"

ती गोंधळली. सगळ्याजणी सांगतात आणि आपल्याला सांगता येत नाही, याची तिला लाज वाटली असावी. खाली बघून म्हणाली, "माजा न्हाय. म्या थांबतच न्हाय."

कुणी हसलं नाही. कमलबाई उठली, धापा टाकत तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हिची आदी." सगळ्याजणी व्हय म्हणाल्या. शांतम्माला कळेना आपण काय केलं.

तेव्हा रजा मिळो न मिळो, तू ये. येताना माझ्यासाठी काही आणू नकोस, नळाचे साचे आण. कमलबाईची दुसरी, इरम्माची तर सुनेच्या चुलीतच होईल. पहिली चूल शांतम्मासाठी घाल. ती विहिरीपासून दारापर्यंत अजून कुठंच थांबत नाही.

तुझी वहिनी,
कस्तुराबाई